गोळ्या सुरू आहेत, पथ्य सुरू आहे, तरी घास अडकतोय? दुखणं ॲसिडिटीचं नसेलही

हळदीच्या जेवणातलं एक चित्र डोळ्यासमोर आणा. मटणाची पंगत बसलीये, गप्पा रंगल्यात आणि तिशीतला एक गडी एकदम गप्प होतो. हातातला घास ताटात ठेवतो, छातीवर मूठ दाबतो, पाण्याचा ग्लास तोंडाला लावतो. पाणी खाली जात नाही, उलट तोंडात परत येतं. श्वास नीट चालू असतो, बोलताही येतं, पण छातीच्या मधोमध काहीतरी रुतून बसलेलं असतं. तो उठून मोरीकडे जातो, पाच-दहा मिनिटांनी डोळे पुसत परत येतो आणि म्हणतो, “काय नाय रे, ॲसिडिटी आहे. गोळी चालूय.”

गोळी खरंच चालू असते. रोज सकाळी उपाशीपोटी, दोन वर्षं झाली. आधी ४० मिलिग्रॅमची एक होती, मग दोन झाल्या, मग दुसऱ्या कंपनीची झाली. तिखट बंद केलं, चहा कमी केला, रात्री उशिरा जेवणं सोडलं. छातीतली जळजळ थोडी कमी झाली असेल, पण घास अडकायचा तो अडकतोच.

आपल्याकडे पित्त हे अर्ध्या दुखण्यांचं आडनाव आहे. डोकं दुखलं, पित्त. मळमळलं, पित्त. करपट ढेकर, घशाशी आंबट पाणी, छातीत जळजळ यांचं तर विचारूच नका. त्यामुळे गोळीने बरं वाटलं नाही तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘याहून स्ट्राँग गोळी आहे का?’

हा प्रश्नच कधी कधी चुकीचा असतो. कारण काही लोकांच्या अन्ननलिकेत मुख्य भांडण ॲसिडशी नसतंच. ते असतं अन्नाशी. त्या आजाराचं नाव तोंडात मावणार नाही इतकं लांब आहे : इओसिनोफिलिक इसोफेजायटिस. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात ‘इओई’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

इओसिनोफिल म्हणजे काय भानगड?

इसोफेगस म्हणजे अन्ननलिका, इसोफेजायटिस म्हणजे तिला आलेली सूज. आता राहिला इओसिनोफिल. ही आपल्या रक्तातली एक पांढरी पेशी. १८७९ साली पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने तिला हे नाव दिलं, कारण इओसिन नावाचा गुलाबी रंग टाकला की या पेशीतले दाणे तो रंग लगेच धरतात. इओसिन हे नाव ग्रीकांच्या पहाटेच्या देवीवरून, इओसवरून आलेलं. भाषेच्या नात्याने ती आपल्या उषेची लांबची बहीणच लागते.

या पेशीचं नाव मराठी घरांना नवीन नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल वाढलेले दिसले की “त्याला इस्नोफिलिया झालाय” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. सर्दी-खोकला, दमा, पोटातले जंत अशा प्रकरणांत या पेशी रक्तात वाढतात. जंतांशी लढणं हे त्यांचं जुनं काम, आणि ॲलर्जीत फुकटचा धिंगाणा घालणं ही त्यांची वाईट सवय.

पण इथे एक फरक लक्षात घ्या. आपल्या जठरात आणि आतड्यांत या पेशी थोड्याफार प्रमाणात कायमच असतात. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र त्या नसतात. म्हणजे तिथे त्या दिसल्या, तर कुणीतरी त्यांना बोलावलंय असं समजायचं. इओईमध्ये त्या थव्याने येऊन बसतात. आणि रक्तातला आकडा मात्र अगदी नॉर्मल असू शकतो. त्यामुळे “माझं सीबीसी ठीक आलंय” यावर हा आजार नाही असं ठरत नाही.

बोलावतं कोण? बहुतेक वेळा रोजच्या खाण्यातली प्रथिनं. दुधातली, गव्हातली, अंड्यातली. काही जणांचं शरीर या प्रथिनांना शत्रू समजतं. पण कोळंबी खाल्ली आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, अशातली ही ॲलर्जी नाही. ही दबक्या पावलांनी येते. अस्तरातल्या पेशी इंटरल्युकिन नावाचे रासायनिक निरोप पाठवत राहतात, त्या निरोपांवर इओसिनोफिल जमतात आणि सूज दिवसेंदिवस, महिनोन् महिने टिकते. दूध रोजच घेतो, चपाती रोजच खातो, मग ‘काय खाल्ल्यावर त्रास होतो’ हे माणसाला कळणार तरी कसं? जे कायमच पोटात जातंय त्याच्यावर संशय घेणं अवघड असतं.

सगळा आळ ॲसिडवर का गेला?

याला इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही.

१९८२ साली अमेरिकेत एक शोधनिबंध आला. अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल दिसले तर ते ॲसिड वर येत असल्याचं लक्षण मानावं, असं त्यात म्हटलं होतं. ते अगदी चूक नव्हतं. ॲसिडने पोळलेल्या अस्तरातही थोड्या इओसिनोफिल पेशी सापडतात. पण त्यामुळे पुढची काही वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी ठिपके दिसले की रिपोर्टवर ‘रिफ्लक्स’ लिहिलं जाऊ लागलं.

मग १९९३ मध्ये स्टीफन ॲटवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ प्रौढ रुग्णांचा गट मांडला. सगळ्यांची तक्रार एकच, गिळताना अडकतं. अस्तरात इओसिनोफिल खच्चून भरलेले. पण अन्ननलिकेत २४ तास नळी ठेवून ॲसिड मोजलं, तर बहुतेकांचं नॉर्मल. ॲसिडच वर येत नाही, तर दोष ॲसिडचा कसा? पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये ॲलेक्स स्ट्राउमन यांनी असेच १० रुग्ण नोंदवले.

पण माझ्या मते खरी कलाटणी दिली ती १९९५ च्या एका छोट्या प्रयोगाने. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांकडे १० मुलं होती. सगळ्यांवर रिफ्लक्सचा शिक्का, सगळ्यांना औषधं देऊन झालेली, दोघांचं तर ॲसिड वर येऊ नये म्हणून ऑपरेशनही झालेलं. तरी त्रास तसाच. डॉक्टरांनी काय केलं, तर मुलांचं नेहमीचं जेवण थांबवलं आणि फक्त अमिनो आम्लांपासून बनवलेलं द्रव अन्न दिलं. म्हणजे पोषण पूर्ण, पण शरीराने ओळखावं असं अख्खं प्रथिन एकही नाही. आठ मुलांची लक्षणं पूर्ण गेली, दोघांची कमी झाली. अस्तरातले इओसिनोफिलही ओसरले. मग नेहमीचे पदार्थ परत सुरू केले, तशी लक्षणं परत आली.

ऑपरेशनने जे गेलं नाही ते जेवण बदलून गेलं. संशयाची सुई पोटातल्या ॲसिडवरून ताटातल्या अन्नावर वळली ती तिथून.

जळतंय की अडकतंय?

आता परत आपल्या पंगतीतल्या गड्याकडे येऊ. त्याने डॉक्टरांना काय सांगितलं असेल? “छातीत त्रास होतो.” मराठीत छातीतला त्रास या दोन शब्दांत जळजळ, दुखणं, भरून येणं आणि अडकणं सगळं बसतं. त्यामुळे पहिलं काम हे की स्वतःला नीट विचारायचं, जळतंय की अडकतंय?

लहान मुलांत हा आजार उलट्या, पोटदुखी, खायला नकार अशा रूपात दिसतो. मोठ्यांत मात्र त्याची खूण म्हणजे कोरडं, घट्ट अन्न अडकणं. पातळ पदार्थ जातात, पण चिकनचा तुकडा, सुकी भाकरी, कोरडा भात, पाव अशा गोष्टी छातीत थांबतात. सोबत जळजळ असू शकते, छातीत दुखू शकतं, आणि म्हणूनच घोटाळा होतो. पुरुषांत हा आजार बायकांपेक्षा साधारण तिप्पट दिसतो, वय बहुधा विशी ते चाळिशी. आणि बऱ्याच जणांच्या मागे दमा, सकाळच्या शिंका, इसब किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी अशी जुनी सोबत असते.

पण सगळ्यात फसवी गोष्ट वेगळीच आहे. या आजाराचे रुग्ण अडकणं लपवायला शिकतात, आणि आपण लपवतोय हे त्यांनाही माहीत नसतं.

प्रत्येक घासावर पाण्याचा घोट. भाकरी आमटीत पार कुस्करून, तिची पेज झाल्यावरच तोंडात. मटण असेल तर “मला रस्साच आवडतो, पीस नको.” एकेक घास पन्नास वेळा चावायचा. सगळे हात धुवून उठले तरी याचं ताट अर्धं. हॉटेलात गेलं की इडली-सांबार, पावाच्या पदार्थाला हात नाही. मोठी गोळी दिसली की ती तोडून किंवा पाण्यात विरघळवून घ्यायची. बाहेर चारचौघांत जेवायचं टाळायचं. घरचे म्हणतात, “तो पहिल्यापासूनच सावकाश जेवतो,” आणि त्यालाही तो स्वभावच वाटतो. आजीने तर कौतुकच केलेलं असतं, अन्न चावून चावून खावं म्हणून.

मग दवाखान्यात डॉक्टर विचारतात, “गिळायला त्रास होतो का?” तो प्रामाणिकपणे म्हणतो, “नाही.”

म्हणून जाणकार डॉक्टर प्रश्न वेगळा विचारतात. जेवायला किती वेळ लागतो? पाण्याशिवाय जेवता येतं का? कुठले पदार्थ खाणं सोडलंय? ही उत्तरं तुमच्यापेक्षा तुमच्या बायकोला किंवा आईला जास्त चांगली देता येतील, तेव्हा दवाखान्यात जाताना त्यांना सोबत न्या.

मग गोळी लागू न पडणाऱ्या सगळ्यांना हाच आजार?

अजिबात नाही. इथे थोडं थांबून घेऊ, नाहीतर हे वाचून उद्या अर्धा महाराष्ट्र एंडोस्कोपीच्या रांगेत उभा राहील.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲसिडची गोळी घेऊनही जळजळ जात नाही अशा ३६६ जणांना त्यात घेतलं. पहिली पायरी अगदी साधी होती. सगळ्यांना ओमेप्राझोल दिवसातून दोनदा, जेवणाआधी नेमक्या वेळी घ्यायला लावलं. एवढ्यानेच ४२ जण बरे झाले! ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते, कारण जेवणाने जठरातले ॲसिडचे पंप सुरू होतात आणि त्या वेळी औषध रक्तात हजर असावं लागतं. आपल्यातले कित्येक जण ती जेवण झाल्यावर, जळायला लागल्यावर घेतात.

उरलेल्यांच्या तपासण्या झाल्या. ९९ जणांमध्ये जळजळ होती पण ॲसिडही नव्हतं आणि अस्तरही ठीक होतं. तिथल्या नसाच जास्त हळव्या झालेल्या, याला फंक्शनल हार्टबर्न म्हणतात. २३ जणांना रिफ्लक्सऐवजी अन्ननलिकेचाच दुसरा आजार निघाला, इओई मोडतो तो याच गटात. काही जण वेगवेगळ्या कारणांनी गळाले. आणि शेवटी गोळीला दाद न देणारा खरा रिफ्लक्स उरला फक्त ७८ जणांत.

भारतातलं चित्रही साधारण असंच आहे. दिल्लीच्या एम्समध्ये रिफ्लक्सच्या रुग्णांची बायोप्सी करून पाहिली तेव्हा इओई सुमारे तीन टक्के लोकांत सापडला. म्हणजे शंभर ॲसिडिटीवाल्यांत तीन. हे थोडे आहेत, पण आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी खाणाऱ्यांची संख्या बघितली तर ते तीन टक्केही कमी भरत नाहीत. आणि जळजळीसोबत घास अडकत असेल, वय तरुण असेल, दमा किंवा शिंकांचा इतिहास असेल, तर ही शक्यता बरीच वाढते.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. वय पन्नाशीच्या पुढे, तंबाखू, मिश्री किंवा दारूची सवय, वजन उतरतंय आणि अडकणं काही आठवड्यांत वाढत चाललंय, आधी भाकरी अडकायची, आता भात, आता पेजही, असं असेल तर इओईचा विचार नंतर. आधी अन्ननलिकेचा कॅन्सर नाही ना, हे बघायचं, आणि ते याच आठवड्यात. इओईचं अडकणं वर्षानुवर्षं अधूनमधून चालतं, त्याचा वेग असा नसतो. आणि पहिल्या दिवसापासून पाणी आणि भाकरी दोन्ही सारखंच अडकत असेल, तर अन्ननलिकेच्या स्नायूंचा ॲकलेशिया नावाचा वेगळाच आजार असू शकतो.

एंडोस्कोपी नॉर्मल, तरी विषय संपत नाही

इओईचं निदान नुसत्या लक्षणांवर होत नाही. दुर्बिणीने आत बघावं लागतं आणि अस्तराचे तुकडे घ्यावे लागतात.

आतलं दृश्य बऱ्याचदा बोलकं असतं. अन्ननलिकेवर एकाखाली एक कडी दिसतात, श्वासनलिकेसारखी. उभ्या रेघोट्या उमटलेल्या असतात, ओल्या मातीवर बोटं ओढावीत तशा. जागोजागी पांढरे ठिपके असतात, ते म्हणजे इओसिनोफिलचेच पुंजके. अस्तर इतकं नाजूक झालेलं असतं की दुर्बीण जाता-येता फाटावं.

पण काही रुग्णांत यातलं काहीच दिसत नाही. डोळ्याला अन्ननलिका स्वच्छ वाटते आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. म्हणून नियम असा आहे की संशय असेल तर दिसायला ठीक असलं तरी तुकडे घ्यायचे, आणि तेही एक नाही, किमान सहा, अन्ननलिकेच्या वरच्या आणि खालच्या अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून. कारण या पेशी सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात, एका जागी दाटी, तर दोन बोटांवर सामसूम. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका नजरेत दिसणाऱ्या भागात १५ किंवा त्याहून जास्त इओसिनोफिल मोजले गेले आणि दुसरं कुठलं कारण नसेल, तर निदान पक्कं.

आता यातली सगळ्यात गोंधळाची गोष्ट. बरीच वर्षं डॉक्टर म्हणायचे, ॲसिडची गोळी देऊन बघा, बरं वाटलं तर रिफ्लक्स, नाही वाटलं तर इओई. दिसायला सोपी वाटणी होती, पण ती चुकीची निघाली. इओईच्या जवळपास निम्म्या रुग्णांत हीच गोळी सूज उतरवते. या गोळ्या ॲसिड तर कमी करतातच, शिवाय अन्ननलिकेतल्या पेशी इओसिनोफिलना जे आमंत्रण धाडतात तेही काही प्रमाणात अडवतात. २०१८ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून ती जुनी अट काढून टाकली. त्यामुळे गोळीने बरं वाटलं म्हणून इओई नाही, असं म्हणता येत नाही. आणि गोळी चालू असताना बायोप्सी केली तर आजार झाकलेलाही राहू शकतो. तपासणीआधी ती बंद करायची का आणि किती दिवस, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, स्वतःच्या मनाने करू नका.

दंडावर टोचून करतात ती ॲलर्जीची चाचणी इथे फारशी कामाची नाही. तिच्यात दूध ‘निगेटिव्ह’ येऊनही दुधानेच अन्ननलिका सुजलेली असू शकते.

उशीर झाला तर काय बिघडतं?

खूप बिघडतं. हा आजार नुसता सूज देऊन थांबत नाही. वर्षानुवर्षं सुजलेलं अस्तर आतून घट्ट होत जातं, जुन्या जखमेचा वण कडक व्हावा तसं. निरोगी अन्ननलिका घास आला की रबरासारखी ताणते. कडक झालेली ताणत नाही. तिची रुंदी साधारण १३ मिलिमीटरच्या खाली आली की कोरडं अन्न अडकणारच.

स्वित्झर्लंडमध्ये २०० रुग्णांचा अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लक्षणं सुरू झाल्यापासून निदान व्हायला लागलेला काळ मधोमध धरला तर ६ वर्षं होता. दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांची अन्ननलिका अरुंद झाली होती. वीस वर्षांहून जास्त उशीर झालेल्यांमध्ये हेच प्रमाण जवळपास ७१ टक्के होतं. स्वित्झर्लंडसारख्या देशात सहा वर्षं, तर जिथे गोळी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळते तिथे किती जात असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

दिलासा इतकाच की या आजारातून कॅन्सर होतो असं आढळलेलं नाही.

उपचार काय आहेत?

तीन वाटा आहेत आणि कुठली धरायची हे रुग्ण बघून ठरतं.

पहिली वाट तीच ॲसिडची गोळी, पण नीट डोसमध्ये, नीट वेळी आणि नंतर परत बायोप्सी करून. लक्षणं कमी झाली म्हणजे सूज गेली असं नसतं, हे इथे पुन्हा पुन्हा आडवं येतं.

दुसरी वाट स्टिरॉइडची. शब्द ऐकून दचकू नका. इथे स्टिरॉइड अंगात भिनवायचं नसतं, अन्ननलिकेला लेप लावल्यासारखं वापरायचं असतं. दम्याच्या पंपातलं फ्लुटिकासोन तोंडात फवारायचं, पण ओढायचं नाही, गिळायचं. किंवा ब्युडेसोनाइड मधासारख्या दाट पदार्थात कालवून घ्यायचं. वर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर लेप धुवून जातो. नंतर चूळ भरायची, कारण तोंडात किंवा अन्ननलिकेत बुरशी धरण्याचा धोका असतो. युरोपात २०१८ मध्ये यासाठी जिभेवर विरघळणारी खास गोळी आली, अमेरिकेत २०२४ मध्ये पातळ औषध मंजूर झालं. पंप घरात आहे म्हणून कुणी स्वतःवर प्रयोग मात्र करू नका.

तिसरी वाट ताटातून जाते आणि ती सगळ्यात रंजक आहे. सहा गोष्टी बंद करायच्या : दूध, गहू, अंडं, सोयाबीन, शेंगदाणे-काजू-बदाम आणि मासे-कोळंबी. सूज उतरली की एकेक पदार्थ परत सुरू करायचा आणि दरवेळी दुर्बिणीने तपासायचं, कोण गुन्हेगार निघतो ते. कागदावर ठीक आहे, पण एवढ्या एंडोस्कोप्या कोण करणार आणि त्यांचा खर्च कोण भरणार? त्यात मराठी स्वयंपाकातून शेंगदाण्याचं कूट काढायचं म्हणजे अर्ध्या भाज्या, कोशिंबिरी आणि उपासाची खिचडी गेलीच.

म्हणून २०२३ मधला एक अमेरिकी अभ्यास महत्त्वाचा आहे. १२९ प्रौढ रुग्णांपैकी काहींचे सहाही पदार्थ बंद केले, काहींचं फक्त दूध. सहा बंद केलेल्यांपैकी ४० टक्के लोकांची सूज उतरली, नुसतं दूध सोडलेल्यांपैकी ३४ टक्के. फरक इतका कमी की तो गणतीत धरावा असा नाही. म्हणजे सुरुवात एकट्या दुधापासून करता येते. पण दूध सोडणं म्हणजे नुसता पेला सोडणं नव्हे. दही, ताक, पनीर, खव्याची मिठाई, बेकरीचा माल, सगळंच आलं. तुपातही प्रथिनाचा अंश राहतो, तेव्हा त्याचंही डॉक्टरांना विचारून घ्यायचं. चहा कोरा प्यायचा, आणि ही सगळ्यात मोठी शिक्षा असं कित्येकांना वाटेल. गहू सोडायची वेळ आलीच तर निदान आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी आहे, युरोपातल्या माणसाला पावाशिवाय काय खायचं हा मोठा प्रश्न पडतो. फक्त ती भाकरी आमटीत भिजवून. आणि हे सगळं आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, नाहीतर आजार जाईल आणि कॅल्शियमची कमतरता येऊन बसेल.

या तिन्हींनी भागलं नाही तर ड्युपिलुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. इओसिनोफिलना बोलावणारे ते इंटरल्युकिनचे निरोप हे औषध वाटेतच अडवतं. अमेरिकेत मे २०२२ मध्ये या आजारासाठी मंजूर झालेलं हे पहिलं औषध. चाचणीत दर आठवड्याला इंजेक्शन घेणाऱ्या साधारण ६० टक्के लोकांची सूज २४ आठवड्यांत उतरली, खोटं इंजेक्शन मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ५-६ टक्केच होतं. पण औषध फार महाग आहे, सामान्य घराच्या आवाक्यातलं नाही.

आणि अन्ननलिका आधीच अरुंद झालेली असेल तर ती फुग्याने हळूहळू रुंद करतात. त्याने गिळणं लगेच सुधारतं, पण सूज तशीच राहते. पाइप मोठा केला म्हणून गंज जात नाही, त्यामुळे औषध किंवा पथ्य सोबत लागतंच. यातला कुठलाही उपचार थांबवला की बहुतेकांचा आजार परत येतो. बीपी-शुगरसारखंच, आयुष्यभर सांभाळायचं दुखणं आहे हे.

घास अडकलाच तर?

माशाचा काटा अडकला की आपल्याकडे कोरड्या भाताचा गोळा नाहीतर केळं गिळायला लावतात. घास अडकलेल्या माणसाला हे चुकूनही करू नका, अडकलेल्यावर आणखी एक अडकेल. बोटं घालून ओकायलाही लावू नका. इओईतली अन्ननलिका नाजूक असते, जोराच्या उलटीने ती फाटल्याची उदाहरणं आहेत. माणसाला ताठ बसवा. स्वतःची थुंकीही गिळता येत नसेल, तोंडातून लाळ गळत असेल तर थांबू नका, जिथे एंडोस्कोपीची सोय आहे अशा हॉस्पिटलमध्ये न्या. तिथे तुकडा काढतीलच, पण त्याच वेळी बायोप्सीही घ्यायची विनंती करा. कित्येकदा तुकडा निघतो, माणूस सुटतो, घरी जातो आणि तुकडा अडकला का होता हे बघायचंच राहून जातं. (श्वासच कोंडला असेल, बोलता येत नसेल, तर तो प्रकार वेगळा. तिथे घास श्वासनलिकेत असतो आणि मिनिटभरही वाट बघायची नसते.)

तुमच्या कपाटात एंडोस्कोपीचा जुना रिपोर्ट असेल, तर तो एकदा काढून बघा. त्यावर ‘नॉर्मल’ लिहिलंय का हे नंतर बघा, आधी बायोप्सी घेतली होती का ते शोधा. घेतली असेल तर जठरातून की अन्ननलिकेतून, तेही बघा, कारण बरेचदा फक्त जठरातला तुकडा घेतलेला असतो. अन्ननलिकेतून घेतलाच नसेल आणि घास अजून अडकत असेल, तर तो रिपोर्ट घेऊन पोटविकारतज्ज्ञाकडे जा, आणि जळजळीचं सांगायच्या आधी त्यांना हे सांगा की पाण्याशिवाय तुम्हाला एक चपाती संपवता येत नाही.